आज्ञा आणि उत्तर : कसरतीच्या कुत्र्यांचे शिक्षण व त्यांचे आरोग्य

मागील दोन पायांवर चालणारा, कड्यातून उडी घेणारा, तोंडात टोपली धरून प्रेक्षकांसमोर फिरणारा कुत्रा हा सर्कशीच्या तंबूतील जुना कलावंत होय. आज तंबू विरळ झाले असले, तरी हा कलावंत नाहीसा झालेला नाही. स्पर्धांच्या मैदानात, चित्रपटांत आणि घरोघरच्या दिवाणखान्यांत त्याचे खेळ चालूच आहेत. या खेळांचा अभ्यास दोन शास्त्रांनी स्वतंत्रपणे केला आहे. कुत्रा शिकतो कसा, हा मानसशास्त्राचा प्रश्न. आणि शिकलेले वर्षानुवर्षे करीत राहिल्याने त्याच्या शरीराचे काय होते, हा पशुवैद्यकाचा. या दोन प्रश्नांच्या मधोमध एक तिसरा प्रश्न उभा आहे आणि तो भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. शिकविणारा व शिकणारा यांच्यामध्ये चिन्हांचा जो व्यवहार चालतो, त्याचे स्वरूप काय? कसरतीमुळे कुत्र्याच्या आरोग्याला पोचणारी हानी ही केवळ कसरतीच्या अवघडपणातून उद्भवत नाही. ती बहुतांशी या चिन्हव्यवहाराच्या एकांगीपणातून उद्भवते, हे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

१. आज्ञेचे स्वरूप

कुत्र्याला कसरत शिकविण्याच्या सर्व पद्धती दोन तत्त्वांवर उभ्या आहेत. पहिले तत्त्व साहचर्याचे. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल. परंतु त्याच प्रयोगांतून असे दिसून आले, की जो आवाज वारंवार अन्नाच्या आधी ऐकू येतो तो पुढे स्वतःच कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणतो. दुसरे तत्त्व परिणामाचे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरे व कुत्री पेटीत कोंडून जे प्रयोग प्रसिद्ध केले त्यांवरून दिसले, की ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती प्राणी पुन्हा करतो. बी. एफ. स्किनर यांनी १९३८ नंतर या तत्त्वाला पद्धतशीर रूप दिले. मुलांच्या खेळण्यातील टिकटिक वाजणारी डबी घेऊन प्राण्याच्या इष्ट हालचालीची नेमकी वेळ कशी दाखवावी, हे त्यांनी १९५१ मध्ये सामान्य वाचकांसाठीही लिहिले. अन्न पोचण्यास एक-दोन क्षण लागतात, आवाज मात्र हालचालीच्या त्याच क्षणी पोचतो. म्हणून हा आवाज ‘हेच हवे होते’ एवढा एकच अर्थ वाहून नेतो. पूर्ण कसरत एकदम शिकविली जात नाही. मान वळली की बक्षीस, मग धड वळले की, मग पूर्ण गिरकी घेतली की, अशा पायऱ्यांनी ती घडविली जाते.

कृती घडल्यानंतर तिला शब्द जोडला जातो. हा शब्द कोणता, याला कुत्र्याच्या दृष्टीने महत्त्व नाही. महाराष्ट्रातील घरांतून कुत्र्याशी सारे बोलणे मराठीत होते आणि आज्ञा मात्र ‘सिट’, ‘स्टे’ अशा इंग्रजी सुटतात, तरी त्याचे काही अडत नाही. उलट, आज्ञेचा शब्द रोजच्या बोलण्यापासून वेगळा असणे हा फायदाच ठरतो. मराठीत कुत्र्यासाठी राखून ठेवलेले ‘यू यू’, ‘छू’, ‘हाड्’ हे उद्गार या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. ते वाक्यात बसत नाहीत, त्यांना विभक्ती नाही, प्रत्यय नाही. आणि तरीही बोलाविणे, अंगावर सोडणे व हाकलणे हे तीन व्यवहार ते बिनचूक पार पाडतात. आज्ञेचा शब्द हा नाम वा क्रियापद नसून इशारा आहे, हे त्यांवरून स्पष्ट होते.

इशारा म्हटला तरी कुत्र्याची ग्रहणशक्ती तुच्छ लेखण्यासारखी नाही. रिको नावाच्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्याला दोनशेहून अधिक वस्तूंची नावे ओळखता येत, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखविण्यात आले. त्याच जातीच्या चेझर या कुत्रीने १,०२२ वस्तूंची नावे आत्मसात केल्याचा वृत्तान्त २०११ मध्ये आला. बुडापेस्ट येथे आत्तिला आंदिच व सहकारी यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या अभ्यासात आढळले, की शाबासकीचा शब्द आणि शाबासकीचा स्वर ही दोन्ही एकत्र आली तरच कुत्र्याच्या मेंदूतील सुखकेंद्रे उत्तेजित होतात. नुसता शब्द वा नुसता स्वर पुरेसा पडत नाही. म्हणजे घेणाऱ्याच्या बाजूने हा व्यवहार बराच सूक्ष्म आहे. उणीव आहे ती देण्याच्या बाजूने.

२. एकमार्गी व्यवहार

चार्ल्स हॉकेट यांनी १९६० मध्ये मानवी भाषेची जी तेरा लक्षणे मांडली, त्यांत एक लक्षण भूमिकांच्या अदलाबदलीचे आहे. जो ऐकतो तो बोलूही शकतो आणि जे ऐकले ते त्याला स्वतः उच्चारता येते. आज्ञा घेणारा माणूस आज्ञा देऊ शकतो, तिच्यावर प्रश्न विचारू शकतो, तिला नकार देऊ शकतो. कसरतीच्या कुत्र्याला यांतील काहीच शक्य नाही. ‘उठ’ हा इशारा त्याला कळतो. ‘आज उठवत नाही, कंबर दुखते’ हे सांगण्यासाठी त्याच संचात एकही चिन्ह नाही.

याचा अर्थ कुत्रा काहीच सांगत नाही असा नव्हे. अन्न समोर नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, मान फिरविणे, कान मागे पाडणे, शेपूट खाली घेणे, पुढचा एक पंजा किंचित उचलून थांबणे, आज्ञेनंतर नेहमीपेक्षा उशीर लावणे ही त्याची चिन्हे होत. कार्ल ब्यूलर यांनी १९३४ मध्ये भाषेची अभिव्यक्ती, आवाहन व निर्देश अशी तीन कार्ये सांगितली. त्या परिभाषेत शिक्षकाची आज्ञा हे आवाहन होय, तर कुत्र्याचे उत्तर ही केवळ अभिव्यक्ती होय. आवाहनाला श्रोता ठरलेला असतो. अभिव्यक्तीला श्रोता लाभेलच अशी शाश्वती नाही. कोणी ती वाचली तरच तिचे चिन्हात रूपांतर होते.

अडचण अशी, की ही चिन्हे अनेकार्थी आहेत. जांभई थकव्याची असते तशी ताणाचीही असते. उचललेला पंजा हा अस्वस्थतेचा असू शकतो. आणि हाच पंजा प्रेक्षक ‘नमस्कार’ म्हणून वाचतात. पिसाळून भुंकणे कोणालाही कळते, परंतु मंद होणे कोणाच्या लक्षात येत नाही. लंगडणारा कुत्रा वैद्याकडे नेला जातो. उडी घेण्यापूर्वी अर्धा क्षण घुटमळणारा मात्र ‘हट्टी’ वा ‘आळशी’ ठरतो आणि त्याच्यावर आज्ञेचा स्वर चढतो. येथे एक भाषिक प्रमाद घडतो. दुखण्याचे चिन्ह आज्ञाभंग म्हणून वाचले जाते.

हीच विषमता उलट्या बाजूने एका प्रसिद्ध प्रकरणात उघड झाली आहे. बर्लिनमध्ये ‘शहाणा हान्स’ नावाचा घोडा खुरांच्या आघातांनी गणिते सोडवितो, अशी ख्याती होती. ऑस्कर प्फुंगस्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले, की घोड्याला गणित येत नव्हते. बरोबर संख्या येताच प्रश्न विचारणाऱ्याच्या मस्तकाची जी अतिसूक्ष्म, त्याच्या स्वतःच्याही नकळत होणारी हालचाल होई, ती तो वाचत असे. या प्रकरणातून प्राण्यांच्या बुद्धीविषयी सावधगिरी शिकावी, असे सामान्यतः सांगितले जाते. त्यातील दुसरा बोधही तितकाच महत्त्वाचा आहे. माणसाच्या शरीरावरील केसाएवढी हालचाल प्राणी वाचतो. प्राण्याच्या शरीरावरील ढळढळीत चिन्हे मात्र, ती वाचण्याची सवय लावून घेतली नसेल तर, माणसाच्या नजरेतून निसटतात.

३. शरीरावरील भार

न वाचलेल्या या चिन्हांमागे शरीरात काय घडत असते, हे आता पाहिले पाहिजे. उभ्या असलेल्या कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर आणि सुमारे ४० टक्के मागच्या पायांवर असतो. शिवाय त्याचे हंसळीचे हाड जवळजवळ लोप पावलेले आहे. पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्याने नव्हे, तर स्नायूंनी व बंधांनी जोडलेले असतात. धावताना बसणारा धक्का झेलण्यास ही रचना उत्तम आहे, परंतु वारंवार उंचावरून उतरताना सर्व भार याच मऊ भागांवर येतो. उडीनंतर जमिनीवर टेकताना पुढच्या पायांवर येणारे बळ शरीराच्या वजनाच्या चौपट वा त्याहूनही अधिक भरते, असे मोजमापांतून दिसले आहे.

मागील दोन पायांवर चालण्याच्या कसरतीत हे गणित उलटे होते. चाळीस टक्क्यांसाठी घडलेल्या पायांवर शंभर टक्के भार येतो. खुबा व गुडघा नेहमीच्या कोनाबाहेर ताणले जातात आणि कंबर व माकडहाड यांच्या सांध्याजवळ पाठ वाकते. हा प्रकार काही क्षणांपुरता असेल तर निरोगी प्रौढ कुत्र्याला तो सोसतो. रोज व दीर्घकाळ चालविला तर शरीर त्यानुसार बदलू पाहते. पुढचे पाय नसलेल्या व दोन पायांवर उड्या मारीत जगलेल्या एका बकऱ्याचे शवविच्छेदन करून ई. जे. स्लायपर यांनी १९४२ मध्ये त्याच्या कटिर, छाती व स्नायू यांतील विलक्षण बदल नोंदविले. जपानमध्ये परंपरेने दोन पायांवर चालावयास शिकविलेल्या माकडांच्या पाठीच्या कण्याला कमरेशी बाक आल्याचेही अभ्यासकांनी १९८८ मध्ये दाखविले. हे प्राणी कुत्र्याहून भिन्न असल्यामुळे त्यांच्यावरून अंश-प्रमाणात निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. तथापि मुद्रा ही केवळ मुद्रा राहत नाही, ती हाडांत उतरते, एवढे त्यांवरून निश्चित म्हणता येते.

वयाचा विचार सर्वांत महत्त्वाचा. पिलाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची पट्टी असते व हाडाची वाढ तेथून होते. लहान जातींत ती साधारणपणे पहिले वर्ष संपण्यापूर्वी, तर मोठ्या जातींत वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास हाडात मिसळून जाते. तोवर त्या पट्टीला झालेली इजा हाड आखूड वा वाकडे करू शकते. कसरतीचे शिक्षण मात्र नेमके याच वयात सुरू होते, कारण पिलू उत्साही असते व चटकन शिकते. मन शिकण्यास सिद्ध असते, हाड नसते. नॉर्वेत चार मोठ्या जातींच्या कुत्र्यांवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की जन्मापासून तीन महिन्यांच्या आत रोज जिने चढणाऱ्या पिलांत खुब्याच्या सांध्याची सदोष घडण होण्याचा धोका वाढतो. याउलट मऊ व थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळे बागडणाऱ्या पिलांत तो कमी होतो. दोन्ही पिले हालचालच करतात. परंतु एका हालचालीचा वेग व विराम पिलू स्वतः ठरविते, दुसरीचा ठरवीत नाही. खुब्याची घडण बिघडली की सांध्याची झीज लवकर सुरू होते आणि ती आयुष्यभर सोबत राहते.

जातीप्रमाणेही धोके बदलतात. आखूड पायांच्या डॅक्सहुंड जातीत मणक्यांमधील चकत्या लवकर कठीण होतात. या जातीच्या सुमारे पाच कुत्र्यांपैकी एकाला आयुष्यात केव्हा तरी चकती सरकण्याचा विकार होतो आणि त्यातून मागचे पाय लुळे पडू शकतात. तिला उड्या मारावयास वा बसल्या जागी सरळ उभे राहून ‘भीक मागावयास’ शिकविणे जोखमीचे आहे. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकते. त्यांना मागच्या पायांवर गिरक्या घ्यावयास लावणे म्हणजे दुबळ्या जागीच ओझे ठेवणे. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला धाप लागते. घामावाटे शरीर थंड करण्याची शक्ती कुत्र्याला नाममात्रच असल्याने दिव्यांच्या उष्णतेत वा दुपारच्या उन्हात केलेला खेळ अशा कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो.

अडथळ्यांची शर्यत हा या खेळांचा सर्वांत सुविहित प्रकार. १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात मधल्या वेळेत प्रेक्षकांचे मनोरंजन व्हावे म्हणून त्याचा प्रथम प्रयोग झाला आणि पुढे त्याच्या जगभर स्पर्धा भरू लागल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १,६६९ खेळवैयांनी आपल्या ३,८०१ कुत्र्यांची माहिती दिली. त्यांपैकी १,२०९, म्हणजे ३२ टक्के कुत्र्यांना निदान एकदा इजा झाली होती; खांदा व पाठ या जागा त्यात ठळक होत्या. हे कुत्रे मालकांच्या जिव्हाळ्याचे, चांगले पोसलेले आणि नियमांनी बांधलेल्या स्पर्धेत उतरणारे होते, हे येथे विसरता कामा नये.

४. पद्धतीचा परिणाम

शरीराच्या झिजेइतकाच शिक्षणपद्धतीचा परिणामही दूरगामी असतो. कोनराड मोस्ट यांच्या १९१० च्या जर्मन ग्रंथापासून पोलिसी व लष्करी कुत्र्यांच्या शिक्षणात बक्षिसाबरोबर सक्तीलाही प्रतिष्ठा मिळाली आणि साखळीला हिसका देण्याची पद्धत तेथून घरगुती शिक्षणातही रुळली. २००४ मध्ये ब्रिटनमधील एका पाहणीत असे दिसले, की बक्षिसावर शिकलेले कुत्रे अधिक आज्ञाधारक असतात, तर शिक्षेचा वापर व वर्तनदोष यांचे प्रमाण बरोबरीने वाढते. त्याच वर्षी विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झटके खाल्लेले कुत्रे शिक्षणाच्या मैदानाबाहेरही ताणाची चिन्हे दाखवीत असल्याचे आढळले. जणू शिक्षकाचे येणे हेच भयाचे चिन्ह झाले होते. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सक्तीने शिकविलेल्या गटात शिक्षणानंतर लाळेतील कॉर्टिसॉल अधिक वाढले. शिवाय, भांड्यात खाऊ असेल की नसेल अशा संदिग्ध प्रसंगी हे कुत्रे अधिक निराशावादी वागले.

चिन्हांच्या दृष्टीने शिक्षेचा आणखी एक दोष आहे. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला शिक्षा केली तर त्याचे गुरगुरणे थांबते, गुरगुरण्याचे कारण थांबत नाही. जे थोडेसे उत्तर त्याला देता येत होते तेही पुसले जाते. वर्तनदोषांसाठी तज्ज्ञांकडे पाठविलेल्या कुत्र्यामांजरांविषयी २०२० मध्ये डॅनियल मिल्स व सहकारी यांनी असा अंदाज दिला, की निदान एक-तृतीयांश प्रकरणांत कोणते ना कोणते दुखणे दडलेले असते. काही संचांत हे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या जवळ जाते. ‘वाईट वागणे’ म्हणून नोंदलेले पुष्कळसे वर्तन हे अशा रीतीने न वाचलेले निवेदन असते.

५. लाभाची बाजू

यावरून कुत्र्याला काही शिकवूच नये, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. वृद्ध बीगल कुत्र्यांवर दोन वर्षे चाललेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पोषक आहाराला सोबत, व्यायाम व शिकण्याच्या कामांची जोड दिलेल्या कुत्र्यांची बुद्धी अधिक काळ टिकली; दोन्ही उपाय एकत्र केल्याचा परिणाम एकेकट्या उपायापेक्षा सरस होता. शिकणे हे वार्धक्यातही मेंदूला हितकारक आहे. वस्तू ओळखून आणणे, वासाने शोधणे, हाताच्या तळव्याला नाक लावणे, गालिचा गुंडाळणे, दोन खुंट्यांमधून सावकाश वळणे यांत बुद्धीला काम आहे आणि सांध्यांना जाच नाही. म्हणून भेद शिकविणे आणि न शिकविणे यांत करावयाचा नसून, प्रेक्षकाला थक्क करणारी कसरत आणि कुत्र्याला गुंतविणारे काम यांत करावयाचा आहे. ही दोन क्वचितच एक असतात.

६. रंगमंच व कायदा

जॅक लंडन यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका कादंबरीच्या प्रस्तावनेत प्राण्यांच्या खेळांमागील क्रौर्य उघड केले. १९१८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील प्राणिदया संस्थेने त्यांच्या नावाने मंडळ स्थापिले. असे खेळ सुरू होताच सभागृहातून उठून जावे, एवढीच त्याच्या सभासदांची प्रतिज्ञा होती. ब्रिटनने १९२५ मध्ये या खेळांच्या नियमनाचा कायदा केला.

विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केल्यापासून हा प्रश्न भारताचाही आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमात खेळ करणाऱ्या प्राण्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्याखाली २ मार्च १९९१ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व कुत्रा या पाच प्राण्यांचे शिक्षण व प्रदर्शन निषिद्ध ठरविण्यात आले. सर्कसवाल्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शुद्धिपत्र काढून यादीतून कुत्रा वगळण्यात आला. १९९८ च्या अधिसूचनेत सिंहाची भर पडली, कुत्रा परत आला नाही. ती बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ग्राह्य धरली. कुत्रा आज यादीबाहेर असला तरी २००१ च्या नोंदणी नियमांच्या बाहेर नाही. प्राण्याच्या मूळ सहजप्रवृत्तीला धरूनच त्याला शिकवावे आणि आजारी, जखमी वा गाभण प्राण्याकडून खेळ करून घेऊ नये, असे हे नियम सांगतात. परंतु आजार ओळखावयाचा कसा? ते काम अखेर त्याचे चिन्ह वाचणाऱ्या नजरेवरच येऊन पडते.

समारोप

अलीकडच्या शिक्षणपद्धतींत या एकमार्गी व्यवहाराला दुसरी वाट काढण्याचा एक प्रयत्न दिसतो. नखे कापताना वा औषध घालताना कुत्र्याला हनुवटी एका गादीवर टेकवून ठेवावयास शिकविले जाते. हनुवटी टेकलेली आहे तोवर काम चालते. त्याने ती उचलली की माणूस हात थांबवितो. कृती अगदी साधी आहे, परंतु तिने चिन्हसंचात एका नव्या चिन्हाची भर पडते. कुत्र्याला ‘थांब’ म्हणता येते आणि माणसाला ते पाळावे लागते. हॉकेट यांनी सांगितलेली भूमिकांची अदलाबदल येथे अंशतः का होईना साधते.

कोणत्याही कसरतीची कसोटी यातूनच मिळते. कुत्र्याचे हाड पक्के झाले आहे काय, त्याच्या जातीची दुबळी जागा कोणती, एका दिवसात ती कसरत किती वेळा करून घेतली जाते, हे प्रश्न पशुवैद्यकाचे होत आणि त्यांची उत्तरे मिळण्यासारखी आहेत. त्यांच्या जोडीला एक प्रश्न भाषेचा विचारला पाहिजे : या कसरतीत कुत्र्याच्या नकाराला चिन्ह आहे काय, आणि ते दिसल्यावर खेळ थांबतो काय? जेथे आज्ञा आहे आणि नकार नाही, तेथे दुखणे शब्दावाचून साचत जाते व वार्धक्यात सांध्यांतून बोलू लागते. तोवर ते ऐकण्याची वेळ निघून गेलेली असते.